बर्फावरची चार चाके



मी इतिहासाचा मास्तर. मोटारीचे बॉनेट उघडून आत काय चालले आहे ते पाहण्याचे धाडस मी आयुष्यात फारसे केलेले नाही. तरी आज मी मोटारीविषयीच बोलणार आहे, आणि त्यातही मोटारीतल्या एका बटनाविषयी. त्याला कारण झाली दोन वर्षांपूर्वीची नाताळची सुटी.

माझ्या मावसभावाने नवी गाडी घेतली होती. इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारी. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हताच. त्या गाडीत बसून आम्ही दोन कुटुंबे थेट मनाली गाठून वरच्या अंगाला बर्फ पाहायला निघालो. रस्त्यावर पांढरा थर दिसू लागला तसे भाऊरायांनी एक बटन दाबले. समोरच्या काचेवर बर्फाच्या पाकळ्यांचे एक चित्र उमटले. "झालं! हा स्नो मोड. आता चिंता नको," तो म्हणाला. आणि खरेच, चढावर आमची गाडी अशी सरसर निघाली की काय सांगू! रस्त्याच्या कडेला लहान गाड्या जागच्या जागी चाके फिरवीत उभ्या होत्या, आणि आम्ही त्यांच्याकडे दयार्द्र नजरेने पाहत पुढे जात होतो.

परतताना मात्र उतारावरच्या एका वळणावर भावाने ब्रेक दाबला, चाक वळवले, आणि गाडी वळलीच नाही. ती आपली सरळ निघाली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. दैव चांगले म्हणून ढीग त्या बाजूला होता. दुसऱ्या बाजूला दरी होती. मागून एक जुनी छोटी टॅक्सी आली. तिच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या. टॅक्सीवाला म्हातारा उतरला, फावडे काढून बर्फ उपसू लागला आणि हिंदीत काही बोलला. त्याचा मतलब असा : "साहेब, चढताना तुमची चार चाकं, माझी दोन. पण थांबताना? थांबताना तुमचीही चार आणि माझीही चारच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. घरी आल्यावर मी पुस्तके चाळू लागलो, आणि ध्यानात आले की त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. खळ्यावर मळणी चालते तेव्हा तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल सावकाश पावले टाकतो, कडेच्या बैलाला मात्र लांबचा फेरा पडतो, म्हणून त्याला भरभर चालावे लागते. मोटार वळताना तिच्या चाकांचे असेच होते. आतले चाक कमी अंतर जाते, बाहेरचे जास्त. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर एकाला घसटत जावे लागेल. म्हणून मध्ये एक दातेरी चाकांची जुळणी घालतात. तिला डिफरन्शियल म्हणतात. मोटारीपूर्वी कितीतरी वर्षे, वाफेच्या गाड्यांच्या जमान्यातच, फ्रान्समधल्या पेकर नावाच्या कारागिराने ती बसवून दाखवली होती.

ही जुळणी कोरड्या रस्त्यावर गुणी, पण बर्फावर मोठी भोळी. तिचा स्वभावच असा की जे चाक हलके फिरते त्यालाच ती फिरू देते. एक चाक बर्फावर आले की ते गरगर फिरत राहते, आणि दुसरे, ज्याच्याखाली चांगली जमीन आहे, ते नुसते उभे. घरात दोन मुलगे असावेत, एक कष्टाळू आणि एक उधळ्या, आणि बापाने सारा पैसा उधळ्याच्याच हाती द्यावा, तसा हा प्रकार. बर्फावरच्या मोटारीचा इतिहास म्हणजे ह्या उधळपट्टीला आवर घालण्याचा इतिहास होय.

त्यावर सुचलेला पहिला उपाय असा की दोन चाकांच्या जागी चार चाकांना कामाला लावावे. १९०० साली व्हिएन्नातल्या लोहनर ह्या बग्गी बनवणाऱ्या कंपनीसाठी फर्डिनांड पोर्शे ह्या तरुणाने विजेवर चालणारी एक गाडी केली. तिच्या चारही चाकांत एकेक मोटर बसवली होती. १९०३ साली हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी पेट्रोलच्या इंजिनावर चारही चाके चालवणारी गाडी बांधली. तिच्या चारही चाकांना ब्रेकही होते. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल ह्या लहानशा गावी ओटो झॅखो आणि विल्यम बेसरडिच ह्या दोघांनी असाच उद्योग आरंभला. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीच्या हजारो ट्रकांनी युरोपातला चिखल तुडवला.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक वेगळा विचार चालला होता, आणि तो अधिक साधा होता. चाके किती चालतात ह्यापेक्षा चाक जमिनीला धरते कसे, ते पाहावे. १९०४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड ह्या गृहस्थांनी टायरभोवती गुंडाळण्याच्या साखळीचे पेटंट घेतले. चिखलातून गाडी काढण्यासाठी लोक चाकांना दोर गुंडाळतात, हे त्यांनी पाहिले होते म्हणतात. १९३४ साली फिनलंडमध्ये, जिथे हिवाळा पाहुणा म्हणून येत नाही तर घरचाच असतो, ट्रकांसाठी बर्फाचा खास टायर निघाला. त्याची खोल आडवी खाच बर्फात रुतून बसे. आज अशा टायरांचे रबरही वेगळे असते. आपले नेहमीचे रबर थंडीत कडक होते. हे मऊ राहते. म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याच्या चाकांवरची साखळी ह्या परंपरेतली. ती चढतानाही धरते आणि थांबतानाही धरते, ही गोष्ट लक्षात ठेवा.

पण जगाचे लक्ष चार चाकांकडे लागले ते जीपमुळे. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. बॅन्टम ह्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट ह्यांनी काही दिवसांत आराखडा काढला आणि त्या सप्टेंबरात पहिली गाडी सैन्यापुढे उभी राहिली. मग विलिस आणि फोर्ड ह्यांनी युद्धकाळात सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली, आणि मग कलेक्टरसाहेबांपासून ऊस पाहणाऱ्या शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या दारी जीप दिसू लागली.

जीपमध्ये गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन छोटे दांडे असत. त्यांतला एक ओढला की पुढची चाकेही ओढू लागत. पण ही सोय अडचणीच्या जागेपुरती. कोरड्या सडकेवर तो दांडा तसाच ठेवला तर काय होई? वळताना पुढच्या चाकांची जोडी आणि मागच्या चाकांची जोडी वेगवेगळे अंतर तोडते; पण दोन्ही तर एकमेकींना जखडलेल्या. मग साऱ्या यंत्रणेत पीळ भरे, चाक जड होई, टायर झिजत. बर्फावर चाके थोडी घसरून हा पीळ सुटतो, सडकेवर सुटत नाही. म्हणजे केव्हा दांडा ओढायचा आणि केव्हा सोडायचा, हे शहाणपण ड्रायव्हरचे. यंत्राला ते नव्हते.

ह्यावर तोड काढली ती ट्रॅक्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसन ह्यांच्या माणसांनी. पुढची जोडी आणि मागची जोडी ह्यांच्यामध्ये आणखी एक डिफरन्शियल बसवले, आणि ते उधळेपणा करू लागले तर त्याला रोखण्याची व्यवस्थाही केली. १९६१ साली फर्ग्युसनची अशी शर्यतीची गाडी इंग्लंडात ओल्टन पार्कच्या ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉस ह्यांनी पहिली आणली. फर्ग्युसन मात्र आदल्याच वर्षी वारले होते. १९६६ साली हीच रचना जेन्सन एफएफ ह्या गाडीत आली. तिच्यात आणखी एक चीज होती : चाक ब्रेकने जखडू न देणारे एक यंत्र. ते विमानांच्या चाकांवरून उचललेले होते. चार चाकांनी धावणे आणि नीट थांबणे हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, हे ह्या गाडीच्या कर्त्यांना पुरते कळले होते. पण गाडी अतोनात महाग. तीनशे वीस बनल्या आणि प्रकरण आटोपले.

चार चाके साध्या गृहस्थाच्या गाडीत आली ती जपानात, आणि त्याची हकीगत मोठी घरगुती आहे. जपानच्या ईशान्य भागात तोहोकू नावाचा प्रांत आहे. तिथे हिवाळ्यात अलोट बर्फ पडतो. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना डोंगरातल्या तारा पाहायला भर बर्फात जावे लागे. जीपसारख्या गाड्या पोचत, पण आत बसणाऱ्याची हाडे गोठत. त्यांनी विचारले, जरा ऊबदार गाडी मिळेल काय? मियागीच्या सुबारू विक्रेत्याच्या कारखान्यात एका साध्या गाडीला निस्सानच्या गाडीचा मागचा आस जोडून प्रयोग केला गेला. त्यातून १९७२ साली सुबारू लिओनी ही चार चाकांवर चालणारी गाडी बाजारात आली. लढाई नाही, शर्यत नाही. वायरमनला थंडी वाजू नये एवढीच मूळ इच्छा!

त्यानंतर पाच वर्षांनी फिनलंडच्या बर्फात ऑडी कंपनीचे इंजिनिअर गाड्यांची परीक्षा घेत होते. सोबत इल्टिस नावाची एक लष्करी जीप होती. ताकद अवघी ७५ अश्वशक्ती. पण बर्फावर तिने मोठ्या ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. यॉर्ग बेन्सिंगर ह्या इंजिनिअरने हे पाहिले, आणि १९८० साली क्वाट्रो ही गाडी जन्मली. दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत हन्नू मिक्कोला ह्यांनी ती स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीत पहिली आणली. १९८६ साली ऑडीची गाडी फिनलंडमधल्या कायपोला येथे स्की-उडीच्या उभ्या उतारावर चढतानाची जाहिरात निघाली. लोकांनी तोंडात बोटे घातली. मात्र त्या गाडीच्या टायरांना खिळे होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिले. ध्यानात राहिली ती चार चाकांची जादू. माझा मावसभाऊ तेव्हा शाळेतही जात नसेल, पण त्याच्या डोक्यातली समजूत त्याच जाहिरातीच्या कुळातली.

इथपर्यंतचा इतिहास हा ताकद देण्याचा इतिहास झाला. दोन चाकांना होती ती चारांना दिली, जीपला होती ती घरच्या गाडीला दिली. पण ह्याच काळात बाजूने उलटा प्रवाह सुरू झाला होता. ताकद आवरायची कशी, ह्याचा विचार होऊ लागला होता.

१९७८ साली बॉश कंपनीची विजेच्या मेंदूवर चालणारी एबीएस ही ब्रेकची यंत्रणा मर्सिडीजच्या गाडीत आली. चाक जखडू लागले की ती ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा लावते, आणि हे एका सेकंदात अनेकदा करते. जखडलेले चाक वळवून उपयोग नसतो. फिरणारे चाकच गाडीला वळवते. मग उलटही सुचले : चाक जास्त जोरात फिरू लागले तर इंजिनाची ताकद कमी करावी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेही आले. १९८९ च्या हिवाळ्यात स्वीडनमध्ये मर्सिडीजचा फ्रँक वर्नर-मोन हा तरुण इंजिनिअर परीक्षेची गाडी चालवताना बर्फावर घसरून रस्त्याकडेच्या चरात गेला. गाडी ओढून काढणारा येईपर्यंत तो बसून विचार करीत राहिला : चाकांची गती मोजणारे यंत्र गाडीत आहे, गाडी भलत्या दिशेला फिरते आहे हे तिला कळले, तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करता येणार नाही काय? सहा वर्षांनी, १९९५ साली, ही यंत्रणा गाडीत बसली. इंजिनिअर लोक चरात पडून शोध लावतात. आम्ही चरात पडून फक्त बंपर मोडला!

आता आपले बटन समजायला सोपे जाईल. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत १९८० च्या दशकातच हिवाळ्याचे बटन दिसू लागले होते. ते दाबले की गाडी पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्या गिअरवर निघे. कारण पहिल्या गिअरचा जोर बर्फावर चाकाला नुसते गरगरवतो. २००४ साली लँड रोव्हरने डिस्कव्हरी गाडीत एक गोल खटका बसवला. गवत-खडी-बर्फ, चिखल, वाळू, खडक अशी जमीन निवडा, गाडी आपली वागणूक बदलील. तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. आज चाकणला, जिथे बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर दिसतो, तिथे बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या चार चाकी प्रकारातही बर्फाची निवड आहे.

मग स्नो मोड करतो काय? ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करतो. तुम्ही अर्धा दाबलात तरी इंजिनाला हळूच सांगतो. गिअर लवकर वरचा टाकतो. पुढची चाके घसरण्याची वाट न पाहता थोडा जोर आधीच मागे पाठवतो. घसरणाऱ्या चाकाची ताकद लगेच काढून घेतो. थोडक्यात, डोंगरातला जाणता ड्रायव्हर जे पायाने करतो, ते हे बटन करते. ते गाडीला बळ देत नाही. ते बळ आवरते.

आणि ते काय करीत नाही? ते रस्त्याची पकड वाढवीत नाही. पकड ही टायर आणि जमीन ह्यांच्यातली गोष्ट आहे. थोडे गणित ऐका. कोरड्या सडकेवर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे १४ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तिला सुमारे ५० मीटर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर जवळजवळ १००. ह्या हिशेबात किती चाके इंजिनाला जोडली आहेत हा आकडा कुठेच येत नाही, कारण ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. शिवाय उतार असेल तर आणखी बिकट. दहा मीटरांना एक मीटर असा उतार असला आणि वर काचेसारखा थर असला, तर गाडी थांबतच नाही. तिथे कोणतेही बटन चालत नाही.

खरा धोका इथे आहे. दोन चाकांची गाडी चढावरच गरगर करून सांगते, "बाबा, बर्फ आहे, परत फीर." चार चाकांची गाडी ते सांगतच नाही. ती निमूट वर नेऊन सोडते, आणि बर्फ काय चीज आहे ते माणसाला कळते परतीच्या उतारावर.

हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. पूर्वी रोहतांगची खिंड हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असे. मैदानातला माणूस तिकडे फिरकत नसे. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला आणि पुण्या-नागपूरची गाडी भर हिवाळ्यात लाहौलच्या बर्फात जाऊन उभी राहू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या परिसरात हिमवृष्टी झाली तेव्हा हजारो पर्यटक अडकले. पोलिसांना त्यांना सोडवावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी येथे तर बर्फात गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे दगावली.

म्हणून, जाणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. स्नो मोड बर्फ लागण्यापूर्वी लावावा, पण वेग असा ठेवावा की जणू तो नाहीच. साखळ्या बरोबर घ्याव्या आणि त्या बांधण्याचा सराव घरच्या अंगणात करून जावे. बर्फात बोटे वळत नाहीत. उतारावर खालच्या गिअरमध्ये यावे, ब्रेक हलका आणि वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. खोल बर्फात गाडी रुतली आणि ती हलेनाशी झाली, तर चाकांचा जोर कापणारी यंत्रणा तात्पुरती बंद करून हळूहळू पुढे-मागे करावे; पुस्तिकेत ते बटन कुठे आहे ते आधी वाचावे. आणि अडकून गाडीत बसण्याची पाळी आली तर इंजिन चालू करण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, ते उतरून पाहावे. ते बुजले तर विषारी वायू आत शिरतो, आणि त्याला वासही नसतो.

त्या दिवशी म्हाताऱ्याने आमची गाडी बाहेर काढली. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. मग म्हणाला, "आता माझ्या मागून या. मी जेवढ्या हळू जाईन तेवढ्याच हळू." आमची मोठी नवी गाडी त्या जुन्या टॅक्सीच्या मागून पहिल्या गिअरमध्ये मनालीपर्यंत उतरली. काचेवर बर्फाचे चित्र तसेच चमकत होते. भाऊ त्याच्याकडे पाहत नव्हता. तो पुढच्या टॅक्सीच्या साखळ्यांकडे पाहत होता.